शेवटची गाठ पक्की, तर ब्रेसलेट टिकते

हाताने विणलेले दोऱ्याचे ब्रेसलेट सहसा मधोमध तुटत नाही. ते टोकाशी सुटते. विणीतल्या गाठी एकमेकींना धरून असतात, टोकाला मात्र सगळा ताण एकदोन गाठींवर येतो. म्हणून शेवटची गाठ दोऱ्याचा पोत पाहून निवडावी लागते.

गाठ टिकते ती घर्षणामुळे. दोरा वळसा घेऊन स्वतःलाच दाबतो आणि ओढ बसली की हा दाब वाढतो. सुती दोरा खरखरीत असल्याने लवकर पकड घेतो. नायलॉन गुळगुळीत, त्यामुळे निसटतो. इलॅस्टिक ताणले की बारीक होते, त्यामुळे गाठ सैल पडते.

सर्वांत उपयोगी म्हणजे साधी दुहेरी गाठ. पहिल्या फेरीत उजवे टोक डाव्यावरून नेऊन वळसा द्यायचा. ते टोक आता डावीकडे आलेले असते. दुसऱ्या फेरीत तेच उजवीकडच्या टोकावरून न्यायचे. गाठ बरोबर बसली तर ती सपाट दिसते आणि उरलेली टोके मूळ दोऱ्याला समांतर राहतात. दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने झाल्या तर टोके आडवी बाहेर येतात. अशी गाठ ओढ बसताच घसरते. इलॅस्टिकसाठी याच गाठीच्या पहिल्या फेरीत एक वळसा जास्त द्यायचा. शल्यविशारद टाके घालताना हीच युक्ती वापरतात: दुसरी फेरी होईपर्यंत पहिली सैल पडत नाही. ही गाठ मण्याच्या भोकात ओढून घेतली की दिसतही नाही.

मेणाच्या किंवा नायलॉनच्या दोऱ्याला सरकती गाठ शोभते. ब्रेसलेटची दोन्ही टोके समोरासमोरून आणून एकमेकांवर ठेवायची आणि त्यांच्याखालून साधारण ३० सेंटिमीटरचा वेगळा दोरा घ्यायचा. त्याची डावी बाजू मधल्या जोडीवरून उजवीकडे न्यायची. उजवी बाजू तिच्यावरून घेऊन जोडीखालून डावीकडच्या फासातून वर काढायची. पुढची फेरी उलट बाजूने. अशा उलटसुलट फेऱ्यांच्या चारपाच जोड्या झाल्या की गाठ ओढली तर सरकते, एरवी जागेवर राहते. लांब टोकांना छोट्या गाठी मारल्या म्हणजे ती निसटून बाहेर येत नाहीत. महाराष्ट्रातल्या ठुशीची दोरीही अशीच मागे सरकवून गळ्याच्या मापाची करता येते.

सुती दोऱ्याच्या ब्रेसलेटला एका टोकाला फास ठेवून दुसऱ्या टोकाची वेणी घालतात. वेणीच्या शेवटी साधी गाठ मारली की ती फासातून ओवून बांधता येते. काढघाल सोपी हवी असेल तर सुरगाठ, कायम हातात राहायचे असेल तर निरगाठ.

कापण्याआधी प्रत्येक टोक वेगवेगळे ओढून गाठ आवळावी. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर २-३ मिलिमीटर टोक ठेवून ज्योतीच्या कडेला क्षणभर धरावे. ते वितळून गोळी बनते. गोळी बोटाने नव्हे, चमच्याच्या पाठीने दाबावी. सरकत्या गाठीत फक्त गाठीच्या दोऱ्याची टोके वितळवावीत, सरकणारी नाहीत. सुती आणि रेशमी दोरा वितळत नाही, जळतो. तिथे गाठीवर डिंकाचा किंवा गोंदाचा एक थेंब पुरतो. तो पूर्ण वाळल्यावरच टोक कापावे.