निवडणुकीपुरते मित्र

विरोधकाचा नकार स्पष्ट असतो. त्याला उत्तर देतां येतें. परंतु ‘आम्ही तुमचेच आहों, पण सध्यां वेळ बरी नाहीं’ असें म्हणणाऱ्या मित्रापुढें माणसानें काय करावें? हा प्रश्न आज आपल्या देशांतील समलिंगी स्त्रीपुरुषांपुढें उभा आहे. हा विषय घरांत सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच, कीं हीं माणसें आकाशांतून पडलेलीं नाहींत. तीं आपल्याच घरांत जन्मलीं, आपल्याच शाळांत शिकलीं, आणि बहुधा आपल्याच धाकानें मुकीं राहिलीं.

प्रथम इतिहास थोडक्यांत पाहूं. ज्या 377 व्या कलमानें हीं माणसें गुन्हेगार ठरलीं, तें 1860 सालच्या दंडसंहितेंतलें, म्हणजे इंग्रजी अमलांतलें. त्यांत जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली होती. आमच्या स्मृतिकारांनीं या आचरणाची स्तुति केली, असें आम्ही म्हणत नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत तें एके ठिकाणीं जातिभ्रंशकर म्हटलें आहे, तर दुसरे ठिकाणीं सचैल स्नानावर सोडलें आहे. पण जन्मठेप तेथें नाहीं. तेव्हां ‘धर्म बुडाला’ म्हणून हाकाटी करणारांनीं आपण मनूचा कैवार घेत आहों कीं मेकॉलेचा, याचा आधीं विचार करावा.

दिल्लीच्या उच्च न्यायालयानें 2 जुलै 2009 रोजीं हें कलम सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें रद्द केलें. 11 डिसेंबर 2013 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि साडेचार वर्षें निर्दोष म्हणून वावरलेलीं माणसें एका दिवसांत पुनः गुन्हेगार झालीं. शेवटीं 6 सप्टेंबर 2018 रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तो कलंक पुसून टाकला. पुढें विवाहाचा प्रश्न निघाला. 17 ऑक्टोबर 2023 रोजीं निकाल लागला, कीं विवाहाचा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं. कायदा करणें हें संसदेचें काम. अशा जोडप्यांच्या सहजीवनास कांहीं मान्यता असावी, असें सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ति संजय किशन कौल यांचें मत पडलें; पण तें अल्पमत ठरलें. जानेवारी 2025 मध्यें पुनर्विचाराचे अर्जही फेटाळले गेले.

शास्त्रकार ज्यास अर्धजरतीन्याय म्हणतात, तो हाच. तुमचें प्रेम गुन्हा नाहीं, पण तुमचें घर हें घरही नाहीं! या वाक्याचा अर्थ काय होतो, तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आम्हांस कळलें. तो व त्याचा सहचर बारा वर्षें एका छपराखालीं राहत आले आहेत. सहचरास रात्रीं एकाएकीं इस्पितळांत न्यावें लागलें. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यास हा पुढें झाला, तेव्हां ‘नात्याचें कोणी असेल तर बोलवा’ असें त्यास सांगण्यांत आलें. नात्याचा भाऊ दुसऱ्या दिवशीं दुपारीं आला. त्यानें सात वर्षांत पत्र टाकलें नव्हतें, पण सही त्याचीच चालली. वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक या प्रत्येक दारावर असाच एक द्वारपाल उभा आहे.

न्यायालयानें संसदेकडे बोट दाखविलें, म्हणून आतां संसदेंतील मित्रांकडे वळलें पाहिजे. 2013 च्या निकालानंतर काँग्रेसच्या श्रेष्ठींनीं जाहीर खेद केला, त्यांच्या सरकारनें पुनर्विचाराचा अर्ज दिला, आणि 2014 च्या जाहीरनाम्यांत हें कलम सौम्य करण्याचें आश्वासनही आलें. हें सर्व त्यांस भूषणावहच आहे. परंतु निवडणुकींत पराभव झाला, आणि मग खरी परीक्षा आली. 18 डिसेंबर 2015 रोजीं शशी थरूर यांनीं लोकसभेंत खाजगी विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. विरुद्ध 71 मतें पडलीं, बाजूनें अवघीं 24. एकट्या काँग्रेसचेच 44 सभासद त्या निवडणुकींत निवडून आले होते! मार्च 2016 मध्यें पुनः प्रयत्न झाला, तेव्हां विरुद्ध 58 आणि बाजूनें 14. हे लोक शत्रूच्या 58 मतांनीं जितके हरले, तितकेच मित्रांच्या रिकाम्या बाकांनीं हरले.

पुढचा प्रकार याहून बोलका आहे. विवाहाच्या खटल्यांत केंद्रानें राज्यांचीं मतें मागविलीं. मे 2023 मध्यें न्यायालयास सांगण्यांत आलें, कीं आसाम, आंध्र प्रदेश व राजस्थान यांचा विरोध आहे. राजस्थानांत त्या वेळीं सरकार होतें काँग्रेसचें. आपल्या महाराष्ट्रानें विषय गहन आहे, अधिक वेळ हवा, असें कळविलें. एक वर्ष उलटतें तों 2024 च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत त्याच काँग्रेसनें अशा जोडप्यांच्या नात्यास मान्यता देणारा कायदा करूं म्हणून लिहिलें. सत्ता हातीं असतां विरोध, नसतां वचन. अशा वचनास अजागलस्तनाची उपमा कोणीं दिली तर त्यास दोष कसा द्यावा?

महाराष्ट्रानें या कामीं कांहींच केलें नाहीं, असें मात्र नव्हे. राष्ट्रवादी काँग्रेसनें 2020 सालीं या लोकांसाठीं पक्षांत स्वतंत्र विभाग काढला. बारामतीच्या सुप्रियाताई सुळे यांनीं एप्रिल 2022 मध्यें 1954 च्या विशेष विवाह कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक लोकसभेंत मांडलें. या धैर्याबद्दल आम्ही त्यांचें मनःपूर्वक अभिनंदन करितों. पण खाजगी विधेयकाचें भवितव्य सर्वांस ठाऊक आहे. 1970 नंतर असें एकही विधेयक कायदा झालेलें नाहीं. जून 2024 च्या निकालांत ज्या भिवंडी मतदारसंघांत आमचें अकलोली येतें, तेथूनही त्यांच्याच पक्षाचे उमेदवार निवडून आले. प्रचाराच्या दिवसांत गोदामें, रस्ते व पाणी यांवर पुष्कळ ऐकलें. या विधेयकाचें नांव मात्र आमच्या कानीं एकदांही आलें नाहीं.

न्यायबुद्धीनें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, कीं थोडेंफार जें मिळालें तें विवाहास न्यायालयांत विरोध करणाऱ्या सरकारकडूनच मिळालें. 2024 च्या ऑगस्टमध्यें केंद्रीय अर्थखात्यानें स्पष्ट केलें, कीं अशा जोडप्यास बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व परस्परांस नामनिर्देशित व्यक्ति (नॉमिनी) म्हणून नेमण्यास आडकाठी नाहीं. शिधापत्रिकेसाठींही त्यांस एक कुटुंब धरावें, अशी सूचना राज्यांस गेली. दुसरी गोष्ट, मित्रांचीही एक अडचण आहे. ते म्हणतात, ‘आम्ही पुढें झालों तर मतें जातील.’ हें खोटें नाहीं. पण जाणारीं हीं मतें कोणाचीं? तीं तुमचीं आमचीं. पुढारी भितो तो समलिंगी लोकांच्या शत्रूंस नव्हे. तो भितो सुशिक्षित, सोवळ्या, ‘आमच्या घरांत असलें कांहीं नाहीं’ म्हणणाऱ्या गृहस्थास.

या भीतीवर मात करणारीं माणसें महाराष्ट्रांत झालीं आहेत. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस उत्तरें दिलीं जात. त्यांत समलिंगी आकर्षणाचेही प्रश्न असत. अशाच उत्तरांवरून 1934 सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें. अस्पृश्योद्धाराचें प्रचंड कार्य अंगावर असतां या बदनाम खटल्यांत पडून डॉक्टरांस मतें मिळावयाचीं नव्हतीं. मिळाली ती निंदाच. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. पण मित्र न्यायालयांत हजर होता. मैत्रीचा अर्थ आम्ही तरी असा समजतों.

अकलोलीहून जवळच वज्रेश्वरीचें देऊळ आहे. वसईच्या मोहिमेवर जातांना चिमाजीअप्पांनीं देवीस नवस केला, आणि 1739 सालीं किल्ला हातीं येतांच देऊळ बांधवून तो फेडला, असें सांगतात. नवस बोलणारे पुष्कळ. जय मिळाल्यावर त्याची आठवण ठेवणारे थोडे. पराजय झाला म्हणजे तर नवस संपलाच, असें हल्लींचे पक्ष समजतात. पण विरोधी बाकांवर बसूनही विधेयक मांडतां येतें, सभागृहांत हजर राहतां येतें, आपल्या राज्यांतील सरकारांस शहाणपण सांगतां येतें.

आणि आपण? आमच्या वाचकांनीं आणि विशेषतः वाचकभगिनींनीं दोन गोष्टी कराव्या. पुढच्या वेळीं उमेदवार दारीं हात जोडून आला, म्हणजे पाण्याच्या नळाबरोबर हाही प्रश्न त्यास विचारावा, आणि चारचौघांदेखत विचारावा. दुसरी गोष्ट घरांतली. मुलगा अगर मुलगी लग्नाचें नांव काढतांच गप्प होत असेल, तर ‘एकदां बोहल्यावर चढलें कीं सगळें सुरळीत होईल’ या समजुतीनें त्यास त्यावर ढकलूं नये. त्यानें एकाचें दुःख दोघांचें होतें, आणि दुसऱ्या घरची लेक कांहीं अपराध नसतां जन्मभर होरपळते. कायदा संसद करील तेव्हां करील. आपल्या घरचें दार उघडण्यास कोणाच्या बहुमताची गरज नाहीं.