येडशीची ‘लाइट’

येडशीवरून लातूरकडे जाणारी अरुंद रेल्वे ‘बार्शी लाइट’ म्हणून ओळखली जाई. 1911 मध्ये ती लातूरला पोचली; रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर आणि सगळी आखणीच कमी भाराची. ‘लाइट’ म्हणजे इथे हलकी. ब्रॉडगेज आली, ती गाडी संपली. रोजच्या बोलण्यातली ‘लाइट’ मात्र वेगळीच: ती येते, जाते, शेतपंपाला रात्रीची मिळते. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एक असलं तरी मुळं दोन आहेत. हलकेपणाचा ‘लाइट’ संस्कृत ‘लघु’चा, म्हणून आपल्या ‘हलका’चाही भाऊबंद, उजेडाचा ‘लाइट’ चमकणे या अर्थाच्या ‘रुच्’ धातूचा.

‘वीज’ असताना ‘लाइट’ कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण ढगातली वीज पडते, लाइट पडत नाही. आणि घरातले सगळे दिवे बंद असले तरी लाइट असते. म्हणजे उजेडाचा शब्द मराठीने पुरवठ्याला लावला, ‘वीज’सारखा स्त्रीलिंगी केला आणि एक फरक नेमका पकडला. याला भाषेचा आळस म्हणणं मला पटत नाही. ‘लाइट रंग’ म्हणताना मात्र ‘फिका’ हा चांगला शब्द हकनाक मागे पडतो.