भूकंपात घर आसरा देईल का?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात रिश्टर मापनावर ४.५ नोंदलेला भूकंप झाला. नांदेड जिल्ह्यातही तो जाणवला. अशा वेळी काय करावे, हे आपण शाळेत शिकवतोच : बाकाखाली बसा, डोके झाका. बळकट इमारतीत ते योग्य आहे. पण नायगावसारख्या गावाच्या जुन्या गावठाणात, माळवदाच्या घरात राहणाऱ्या मुलाने घरी काय करायचे?

माळवदाचे वजन एकदा फळ्यावर मांडून पाहू. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे नवी माती पडत जाते आणि थर अर्धा मीटरसुद्धा होतो. एक घनमीटर माती सुमारे १६०० किलो धरली, तर ३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीवर ९६०० किलो भार होतो. जवळजवळ दहा टन! खाली भिंत मात्र चांगली जाड असते, आणि हा जाडीचा भरवसाच फसवा आहे. आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात. मध्ये नुसते गोटे आणि माती. हादऱ्याने ही भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही बाजूंना रेटते आणि भिंत फुगून फुटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. अशाच घरांत ती झोपलेली होती.

वर्गात हे दाखवता येते. पाटावर काडेपेट्यांच्या दोन चळती रचा, मधल्या फटीत खडे भरा आणि पाट हलवा. मग दर तिसऱ्या थरात दोन्ही चळतींवर टेकेल अशी पट्टी आडवी घालून पुन्हा हलवा.

खऱ्या भिंतीत त्या पट्टीचे काम आरपार दगड करतो. उभ्या भिंतीत आरपार भोक पाडून, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. किल्लारीनंतर घरे बळकट करताना हा उपाय सुचवला गेला. जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली निदान निजायची एक खोली अशी करून घ्यावी. माळवदावरची जादा माती उतरवून, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून पातळ थर ठेवला तर गळतही नाही. आमच्या मते सुरुवात येथूनच करावी.

तोवर अंथरूण भिंतीपासून दूर असावे, दाराच्या वाटेत पोती नसावीत. कच्च्या घरात तळमजल्यावर दार जवळ असेल आणि बाहेर लगेच मोकळी जागा असेल, तर बाहेर पडणेच बरे. पण दोन दगडी भिंतींमधला बोळ म्हणजे मोकळी जागा नव्हे. अंथरुणापासून अंगणापर्यंत किती पावले पडतात, ते मुलांना घरी मोजून आणायला सांगावे. रात्री, दिवा न लावता.