नौकेचें स्वप्न आणि कार्ल्याचा डोंगर

आमच्या कार्ल्याहून समुद्र दिसत नाहीं. सह्याद्रीचा कडा उतरल्यावांचून खाऱ्या वाऱ्याची झुळूकही अंगास लागत नाहीं. तरीसुद्धां नौकेचें वेड मला लागलें तें याच गांवीं, आणि त्याला कारण झाली डोंगरावरील एकवीरा. देवीचें स्थान लेण्याच्या दाराशीं, आणि तिचे निस्सीम भक्त किनाऱ्यावरचे कोळी!

चैत्रांतील यात्रेच्या दिवसांत एक वृद्ध कोळी आमच्या ओसरीवर पाणी पिण्यास टेकले. मी आठ वर्षांचा असेन. "बाबा, होडी कशी करतात?" असें मीं विचारतांच त्यांनीं अंगणांतल्या मातींत काठीनें रेघा ओढल्या. प्रथम तळाचा कणा, मग त्याला फासळ्या, आणि सर्वांत शेवटीं फळ्या. अगोदर हाडें, मग कातडी, हा क्रम त्यांनीं मला दोनदां समजावून सांगितला. पुढें महिनाभर खपून मीं खोक्याच्या फळ्यांची हातभर होडी केली. वडिलांनीं ती पाहिली, आणि समुद्रयान हें बौधायनानें पातित्याच्या कारणांत गणलेलें आहे, असें बजावून ती चुलींत घातली. त्याच चुलीवर सायंकाळचा भात शिजला. वडील निर्दय नव्हते; त्यांना माझी काळजी वाटली, एवढेंच.

पुढें शिक्षक झाल्यावर मुलांना घेऊन मी कितीदां तरी लेण्यांत गेलों. चैत्यगृहांत मान वर करून पाहावें, तों छताला लांकडी कमानी ओळीनें बसविलेल्या दिसतात. सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचें हें लांकूड अद्याप शाबूत आहे. मला मात्र तेथें पालथी घातलेली नौकाच दिसे. खालच्या शिलालेखांत दाते म्हणून यवनांचीं नांवें आहेत. एक दाता सोपाऱ्याचा आहे, आणि सोपारा तर प्राचीन काळचें नामांकित बंदर. ज्या लेण्याचा आपण अभिमान बाळगतों, त्याच्या स्तंभांवर समुद्रकांठच्या व परदेशच्या माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत, हें आपण सोयीस्करपणें विसरतों.

आपल्या संस्कृत ग्रंथांतही केवळ निषेधच आहे असें नाहीं. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकेच्या लांकडाचे गुणदोष व मापें दिलेलीं आहेत. त्यांतील सर्वांत लहान नौका सोळा हात लांब व चार हात रुंद. तिचें नांव 'क्षुद्रा'! पण लहान नौकेला क्षुद्र लेखण्याचें कारण नाहीं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीनें 1968 च्या जूनपासून 1969 च्या एप्रिलपर्यंत, कोठेंही न थांबतां, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिलाच. त्याची 'सुहेली' अवघी 32 फुटी, आणि ती बांधलेली होती आपल्या मुंबईंत, सागवानाची!

असेंच स्वप्न एका मराठी माणसानेंही जपलें. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस राहत. समुद्र तेथूनही दूरच. भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून एखाद्या भारतीयानें एकट्यानें जग फिरावें, हा त्यांचा ध्यास. गोव्यांत मांडवीच्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं 56 फुटी 'म्हादेई' बांधली. तीं कामें चालू असतां नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे हे स्वतः तेथें राबत होते. 19 ऑगस्ट 2009 रोजीं ते मुंबईहून निघाले, आणि चार बंदरांत थांबून 1910 सालीं नव्हे, आपल्याच डोळ्यांदेखत, 2010 च्या मे महिन्यांत परतले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आवटी 2018 सालीं निवर्तले. पण तत्पूर्वीं आपलें स्वप्न खरें झालेलें त्यांनीं पाहिलें.

हें सारें आज लिहिण्याचें कारण घरचेंच आहे. माझा नातू यंदा बारावी झाला. त्याला नौकाबांधणी शिकण्यासाठीं गोव्यास जावयाचें आहे. माझे थोरले बंधु म्हणतात, सुतारकीच करावयाची तर एवढें शिकला कशाला? सूनबाई बोलत नाहीं, पण तिचे डोळे पाणावतात. परवां रात्रीं पंगत उठल्यावर सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. दोन पिढ्यांपूर्वींचा तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला. मीं नातवाला इतकेंच विचारलें, "नौका करतांना आधीं काय करतात?"

"आजोबा, आधीं कणा," तो म्हणाला.

मीं जाण्यास संमति दिली. मात्र एक अट घातली: प्रथम पोहणें पक्कें शिकावयाचें, आणि गणित सोडावयाचें नाहीं. वाचकहो, मुलांचीं सर्वच स्वप्नें तडीस जातात असें नाहीं. कांहीं बुडतील, कांहीं परत फिरतील. पण तीं पाण्यांत पडण्यापूर्वींच वडीलधाऱ्यांनीं चुलींत घालूं नयेत, एवढें तरी आपल्या हातीं आहे.