जठराची खिडकी

‘जठराग्नी’ हा शब्द आपण सहज वापरतो. पचन या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘पच्’ या संस्कृत धातूचा अर्थही शिजवणे असाच आहे. युरोपातल्या वैद्यांमध्ये मात्र यावर मोठा वाद होता. कोणी म्हणे अन्न जठरात दळले जाते, कोणी म्हणे आंबते, कोणी म्हणे एखाद्या रसात विरघळते. प्राण्यांवर प्रयोग झाले होते. पण जिवंत माणसाच्या जठरात डोकावणार कसे?

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सिस सेंट मार्टिन हा कॅनडातला फ्रेंचभाषक नावाडी अगदी जवळ उभा होता. त्याच्या डाव्या कुशीला भगदाड पडले. लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट यांना तो जगेल असे वाटत नव्हते. तो जगला, जखमही भरली. भोक मात्र बुजले नाही. जठराच्या कडा बाहेरच्या त्वचेशी जुळून आल्या आणि आतल्या अस्तराची एक घडी पडद्यासारखी भोकावर आली. बोटाने ती सारली की आतले सगळे दिसे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँटनी मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने पाव आणि कोबी अर्धे विरघळले होते, मांस तसेच होते. दोन तासांनी उकडलेले मांसही दोऱ्यावरून नाहीसे झाले. कच्चे बराच काळ टिकले. पोटात अस्वस्थ वाटते, डोके दुखते, अशी तक्रार सेंट मार्टिनने केल्यावर दोरा बाहेर काढला.

सगळ्यांत बोलका प्रयोग बाटलीतला. जठरातून काढलेल्या आंबट रसात मांस टाकून बोमाँटनी ती बाटली शरीराइतकी उबदार ठेवली. मांस विरघळले, पण जठरापेक्षा सावकाश. रस थंड असला तर काम जवळजवळ थांबे. म्हणजे ऊब लागतेच; पण अन्न फोडतो तो रस.

त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी वेगळे काढलेले पेप्सिनही. जठराच्या स्नायूंचे तीन थर मिनिटाला साधारण तीन लाटांनी अन्न घुसळतात. म्हणजे दळण्याची कल्पनाही अगदीच खोटी नव्हती. तयार झालेली पातळ लापशी खालच्या झडपेतून थोडी थोडी लहान आतड्यात जाते. हाच रस जठराला खात नाही, कारण आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडते, हेही बोमाँटनी टिपले. तो का संतापे, हे मला तरी कोड्यात टाकत नाही.

कारण तो त्यांच्या घरचा नोकरही होता. १८२५ मध्ये तो न सांगता कॅनडात निघून गेला, लग्न केले आणि पुढे बायकामुलांसह परतला. १८३२ च्या करारानुसार त्याचे जठर वर्षाला १५० डॉलर आणि अन्नवस्त्र यांच्या मोबदल्यात प्रयोगांसाठी बांधले गेले. १८३३ मध्ये बोमाँटचे पुस्तक निघाले आणि ते जगप्रसिद्ध झाले. सेंट मार्टिन पुन्हा कॅनडात गेला आणि मग कितीही पत्रे आली तरी फिरकला नाही.

बोमाँट १८५३ मध्ये वारले. सेंट मार्टिन पोटातल्या त्या भोकासह १८८० पर्यंत जगला. डॉक्टरांना त्याचे जठर हवे होते. घरच्यांनी प्रेत उन्हाळ्यात काही दिवस मुद्दाम सडू दिले आणि नंतर ते आठ फूट खोल पुरले.