पुस्तक प्रकाशनातील वेळ व भांडवल

हस्तलिखित तयार होण्यापासून छापील प्रती विकल्या जाऊन गुंतवलेली रक्कम परत मिळेपर्यंत लेखक व प्रकाशक यांना जे श्रम आणि जो पैसा खर्ची घालावा लागतो, त्याला पुस्तक प्रकाशनातील गुंतवणूक म्हणता येईल. तिच्यातील पैशाचा हिशेब वहीत सापडतो. वेळेचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही, आणि हा न मोजलेला खर्च बहुतेक वेळा लेखकाच्याच माथी पडतो. या व्यवसायाची अडचण अशी की, जवळजवळ सगळा खर्च पहिली प्रत विकली जाण्यापूर्वीच करावा लागतो.

फर्मा, रीम आणि आवृत्ती

मराठी पुस्तकाचा खर्च परंपरेने फर्म्यांत मोजला जातो. डेमी अष्टपत्री आकारात कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठे बसतात; हा एक फर्मा. त्यामुळे १६० पृष्ठांचे पुस्तक १० फर्म्यांचे होते आणि १,००० प्रतींसाठी १०,००० ताव, म्हणजे ५०० तावांचे एक रीम याप्रमाणे २० रीम कागद लागतो. छपाईत वाया जाणारा कागद वेगळा. मजकूर १६१व्या पृष्ठावर गेला, तर त्या एका पृष्ठासाठी नवा फर्मा, निदान अर्धा किंवा पाव फर्मा, उघडावा लागतो. प्रस्तावना आखूड करण्याचा किंवा परिशिष्ट गाळण्याचा प्रकाशकाचा आग्रह पुष्कळदा या गणितातून आलेला असतो, वाङ्मयीन मतभेदातून नव्हे.

कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च प्रतींच्या संख्येबरोबर वाढतो. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च प्रती शंभर असोत वा हजार, तेवढाच राहतो. समजा, हा स्थिर खर्च ४०,००० रुपये आहे. मग १,००० प्रतींच्या आवृत्तीत तो प्रतीमागे ४० रुपये पडतो आणि २०० प्रतींच्या आवृत्तीत २०० रुपये. छोटी आवृत्ती महाग पडते आणि मोठी आवृत्ती घरात पडून राहण्याची भीती असते. छापील किमतीतून विक्रेता व वितरक यांची सूट वजा होते; ती एकंदर ४० टक्के धरली, तर ३०० रुपये किमतीच्या पुस्तकामागे प्रकाशकाच्या हाती १८० रुपये येतात, तेही उधारी वसूल झाल्यावर. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. पण त्यामुळेच कागदावर व छपाईवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही.

भांडवल कोणाचे?

हा प्रश्न मराठीत जुना आहे. तुकारामांच्या अभंगांची ‘इंदुप्रकाश’ छापखान्यात छापलेली गाथा १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत निघाली. तिच्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर केले होते. त्या काळी हस्तलिखिते मिळवून पाठभेद तपासण्याचे काम खाजगी भांडवलावर होण्यासारखे नव्हते.

सरकारी आश्रयाशिवाय एवढे मोठे काम उभे करण्याचा मार्ग श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी शोधला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपुरात मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली आणि भाग व आगाऊ वर्गणी यांतून भांडवल जमवले; पुढे काम पुण्यास आले. कोशाचे अर्थकारण एकट्या पुस्तकाहून कठीण असते. लेखक, साहाय्यक आणि कारकून यांचे पगार दरमहा द्यावे लागतात, परंतु विकण्याजोगा माल वर्षानुवर्षे तयार होत नाही. कामाची आखणी १९१५ च्या सुमारास सुरू झाली आणि खंड १९२० पासून निघू लागले. मधल्या वर्षांत वर्गणीदाराने जे पैसे दिले, ते न पाहिलेल्या ग्रंथासाठी. केतकरांना संपादनाबरोबर वर्गणीदार मिळवण्याचीही धावपळ करावी लागली. प्रस्तावनेचे पाच खंड, मुख्य कोश, सूची आणि हिंदुस्थान खंड मिळून २३ खंड पुरे झाले. या खटाटोपाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ या पुस्तकात लिहिली आहे. ग्रंथाच्या विद्वत्तेबरोबर त्याच्या व्यवहाराचाही लेखकाने स्वतः दिलेला असा जबाब मराठीत विरळाच. कोश पुरा झाला, तरी केतकरांची आर्थिक ओढाताण संपली नाही.

पुढे ‘मराठी विश्वकोशा’चे भांडवल राज्य शासनाने पुरवले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आणि विसावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पैशाची हमी असूनही वेळ वाचला नाही, असे या दोन कोशांची तुलना करता दिसते.

वसई परिसर

वसई-विरार भागातील लेखकाला मराठी प्रकाशनाची मुख्य केंद्रे, म्हणजे मुंबईतील गिरगाव-दादर आणि पुणे, फारशी दूर नाहीत. तरी मोठा प्रकाशक कोणत्या पुस्तकात पैसा घालतो, यावर सारे अवलंबून असते. नंदाखाल येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले. दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढ्या विस्ताराच्या अनुवादाला लागणारी वर्षे कोणत्याही मानधनात मोजून मिळत नाहीत. धर्मगुरूची उपजीविका पुस्तकाच्या विक्रीवर अवलंबून नसते, ही गोष्ट अशा वेळी भांडवलासारखीच उपयोगी पडते.

याउलट सामवेदी, वाडवळी किंवा आगरी बोलीतील शब्दसंग्रह, लग्नगीतांचे संकलन वा एखाद्या गावाचा इतिहास यांचा वाचक मोजका असतो. हजार प्रतींची आवृत्ती त्यांना पेलत नाही. त्यात बोलीचे लेखन ठरलेले नसल्याने अक्षरजुळणी करणारा नकळत प्रमाण मराठी रूपे घालतो आणि मुद्रिते एरवीपेक्षा अधिक वेळा तपासावी लागतात. अशी पुस्तके बहुधा निवृत्तीनंतर आणि स्वखर्चाने निघतात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. बोलीचा वृद्ध अभ्यासकही तिच्या दृष्टीने ‘नवलेखक’ ठरू शकतो, हा भाग निराळा.

मागणीनुसार छपाई

अंकीय छपाईमुळे आता पन्नास प्रतीही काढता येतात. प्रत महाग पडते, पण गठ्ठे साठवावे लागत नाहीत आणि कागदात पैसा अडकत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणित पुस्तक क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार मात्र प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह अन्य तीन ग्रंथालये यांना प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने प्रत्येकी एक प्रत पाठवावी लागते. हजार प्रतींच्या आवृत्तीत या चार प्रती कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पन्नास प्रतींच्या आवृत्तीत त्या आठ टक्के होतात.