प्रवासातील श्रवण

'श्रावक' या शब्दातच श्रवण आहे. श्वेतांबर परंपरेनुसार वलभीच्या वाचनेत ग्रंथबद्ध होईपर्यंत आगमही शतकानुशतके कानांनीच सांभाळले. तेव्हा मोटारीत पुस्तक ऐकणे आपणांस परके वाटू नये.

बीडहून खरेदीसाठी छत्रपती संभाजीनगर वा सोलापूर गाठणाऱ्या व्यापाऱ्याचे कितीतरी तास गाडीतच जातात. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलवर मराठी श्राव्यपुस्तकांचा मोठा संग्रह आहे. वर्गणी भरावी लागते. मात्र पुस्तक आधी उतरवून ठेवता येते. हे काम घरीच उरकावे, मांजरसुंब्याच्या घाटात नेटवर्कवर विसंबू नये.

यूट्यूबवर पुष्कळ काही फुकट मिळते, पण तेथे पारख हवी. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथावरील स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये व साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यांची पुस्तके कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करावीत. हयात लेखकाची कादंबरी मात्र परवानगीविना चढवलेली असेल, तर ती ऐकणे मला चोरीचा माल घेण्यासारखेच वाटते. आणि तसा माल घेणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. बिलाविना माल न घेणाऱ्याने (असे हल्ली किती, हा प्रश्न वेगळा!) येथेही तोच नियम लावावा.

चालकाने कानांत इअरफोन घालू नये, गाडीचा स्पीकर पुरे. पुस्तक निघण्यापूर्वीच लावावे. वाहन चालवताना हातात फोन धरणे कायद्याने धोकादायक वाहनचालनात मोडते. घाटरस्त्याला आत्मचरित्र बरे. रहस्यकथा गेवराईच्या सरळ रस्त्यासाठी राखून ठेवावी.